दोन देशांचा लिबेरो : मॅथियास सामर

१/
१२ सप्टेंबर १९९०. मॉस्कोमध्ये सहा देशांचे प्रतिनिधी एका करारावर स्वाक्षऱ्या करत होते. दोन जर्मनी आणि दुसऱ्या महायुद्धातील चार विजेती राष्ट्रे यांच्यातील या कराराने जर्मनीच्या एकीकरणातला शेवटचा आंतरराष्ट्रीय अडथळा दूर झाला. त्याच संध्याकाळी ब्रुसेल्सच्या मैदानावर पूर्व जर्मनीचा फुटबॉल संघ बेल्जियमविरुद्ध उतरला. हा त्या देशाचा २९३वा आणि अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना होता.

२/
बरोबर तीन आठवड्यांनी, ३ ऑक्टोबरला, ज्या देशाचे नाव नकाशावरून पुसले जाणार होते, त्याच्यासाठी खेळायला फारसे कुणी तयार नव्हते. बोलावलेल्या खेळाडूंपैकी वीसहून अधिक जणांनी या ना त्या कारणाने नकार कळवला. प्रशिक्षक एडुआर्ड गायर यांच्या हाती उरले जेमतेम चौदा खेळाडू. त्यांचा कर्णधार होता तांबूस केसांचा, तापट स्वभावाचा, नुकताच तेवीस वर्षांचा झालेला मॅथियास सामर.

३/
बेल्जियमचा संघ त्याच उन्हाळ्यात विश्वचषकाच्या बाद फेरीत खेळून आला होता. तरीही पूर्व जर्मनीने तो सामना २-० असा जिंकला. दोन्ही गोल सामरचे होते. शेवटच्या क्षणी गायर यांनी राखीव गोलरक्षकालाही मैदानात उतरवले आणि चौदाच्या चौदा जणांच्या नावावर तो सामना लागला. एका देशाच्या फुटबॉल इतिहासातील शेवटचा गोल सामरच्या पायातून निघाला.

४/
पुढे हाच खेळाडू एकत्रित जर्मनीसाठी खेळणारा पहिला पूर्व जर्मन ठरला, युरोपचा सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटू ठरला आणि एका विलक्षण भूमिकेचा अखेरचा मोठा वारसदारही ठरला. ती भूमिका म्हणजे लिबेरो : बचावफळीच्या मागे उभा राहणारा आणि तिथूनच आक्रमणाची सूत्रे हलवणारा मध्यवर्ती बचावपटू. ही कथा त्या माणसाची आहे आणि त्या भूमिकेचीही.

५/
सामरचा जन्म ५ सप्टेंबर १९६७ रोजी ड्रेस्डेनचा. फुटबॉल घरातच होता. वडील क्लाउस सामर हे डायनॅमो ड्रेस्डेनचे आणि पूर्व जर्मनीच्या राष्ट्रीय संघाचे खेळाडू. पुढे त्याच क्लबचे प्रशिक्षक. १९८५ मध्ये मॅथियास ड्रेस्डेनच्या मुख्य संघात आला, तेव्हा प्रशिक्षकाच्या जागेवर वडीलच होते. त्या वेळी तो बचावपटू नव्हता. आघाडीच्या फळीत खेळायचा, गोल करायचा. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार होती.

६/
पूर्व जर्मनीत फुटबॉल हा निव्वळ खेळ नव्हता. ‘डायनॅमो’ नावाचे क्लब पोलीस आणि गुप्तहेर यंत्रणा ‘श्टाझी’ यांच्या छत्राखाली चालत. १९५४ मध्ये ड्रेस्डेनचा जवळजवळ सगळा संघच सरकारी आदेशाने उचलून बर्लिनला नेण्यात आला, कारण राजधानीला तगडा संघ हवा होता. १९७९ ते १९८८ अशी सलग दहा वर्षे बर्लिनच्या डायनॅमोने राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. श्टाझीचे प्रमुख एरिक मिल्के त्या क्लबचे उघड पाठीराखे होते आणि पंचांच्या निर्णयांवर सगळा देश दबक्या आवाजात बोलत असे.

७/
सीमेपलीकडे जाण्याचा नुसता विचारही गुन्हा होता. जानेवारी १९८१ मध्ये राष्ट्रीय संघ अर्जेंटिनाच्या दौऱ्यावर निघण्याच्या बेतात असताना ड्रेस्डेनच्या तीन नामवंत खेळाडूंना अटक झाली. पश्चिम जर्मनीतील क्लबकडे पळून जाण्याचा त्यांचा बेत असल्याचा आरोप होता. एकाला तुरुंगवास झाला आणि तिघांचेही अव्वल दर्जाचे फुटबॉल तिथेच संपले. त्या वेळी सामर तेरा वर्षांचा होता आणि त्याच क्लबच्या कनिष्ठ गटात घडत होता.

८/
या व्यवस्थेची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. क्रीडाशाळा, शिस्तबद्ध प्रशिक्षण आणि लहान वयात होणारी पारख यांमुळे सुमारे १ कोटी ६० लाख लोकसंख्येच्या या देशाने १९७४ च्या विश्वचषकात पश्चिम जर्मनीला १-० असे हरवले आणि १९७६ मध्ये ऑलिम्पिक सुवर्ण मिळवले. सामरच्या पिढीने १९८६ मध्ये युवा युरोपीय विजेतेपद जिंकले. १९८९ मध्ये ड्रेस्डेनने बर्लिनची दहा वर्षांची मक्तेदारी मोडली आणि पुढच्या वर्षी लीग व चषक दोन्ही आपल्याकडे ठेवले. सामर या संघाच्या मधल्या फळीचा कणा होता.

९/
९ नोव्हेंबर १९८९ रोजी बर्लिनची भिंत उघडली. सहाच दिवसांनी पूर्व जर्मनीचा संघ व्हिएन्नात ऑस्ट्रियाविरुद्ध खेळला. विश्वचषकाचे दार उघडण्याची ती संधी होती. पण खेळाडूंची मने ठिकाणावर नव्हती आणि प्रेक्षकांत पश्चिमेच्या क्लबांचे प्रतिनिधी बसले होते. बायर लेव्हरकुसेनचा एक माणूस तर छायाचित्रकाराच्या वेशात थेट राखीव खेळाडूंच्या बाकापर्यंत पोहोचला. टोनी पोल्स्टरने तीन गोल केले, ऑस्ट्रिया ३-० ने जिंकला आणि पूर्व जर्मनीचे विश्वचषकाचे स्वप्न कायमचे विरले.

१०/
त्यानंतर जे सुरू झाले त्याला स्थलांतर म्हणावे की लिलाव, हा प्रश्न पूर्वेकडचे लोक आजही विचारतात. बर्लिनचा आंद्रेयास थोम पहिला गेला. १९९० च्या उन्हाळ्यात सामर स्टुटगार्टला गेला. चाळीस वर्षे ज्या क्लबांनी खेळाडू घडवले, त्यांचे सर्वोत्तम खेळाडू एक-दोन वर्षांत पश्चिमेकडे निघून गेले. १९९१ मध्ये एकत्रित बुंडेसलिगात पूर्वेच्या फक्त दोन क्लबांना जागा मिळाली : हान्सा रोस्टोक आणि डायनॅमो ड्रेस्डेन. १९९५ मध्ये ड्रेस्डेनही खाली घसरला आणि आर्थिक कारणांवरून परवाना नाकारला गेल्यामुळे थेट तिसऱ्या श्रेणीत पोहोचला.

११/
१९ डिसेंबर १९९०, स्टुटगार्ट. स्वित्झर्लंडविरुद्ध एकत्रित जर्मनीचा पहिला सामना. सुरुवातीच्या अकरा जणांत सामर होता. थोम नंतर उतरला आणि त्याने गोलही केला. जर्मनी ४-० ने जिंकला. विश्वविजेत्या पश्चिम जर्मन संघाला आता पूर्वेचे खेळाडूही मिळाल्याने हा संघ वर्षानुवर्षे अजिंक्य राहील, असे भाकीत फ्रान्झ बेकेनबाउअर यांनी त्या उन्हाळ्यात केले होते. भाकीत खोटे ठरले. १९९२ च्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात डेन्मार्कने आणि १९९४ च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत बल्गेरियाने जर्मनीला हरवले.

१२/
क्लबच्या पातळीवर मात्र सामरचे पाऊल पुढेच पडत होते. १६ मे १९९२, बुंडेसलिगाचा शेवटचा दिवस. फ्रँकफर्ट, डॉर्टमुंड आणि स्टुटगार्ट असे तीन संघ विजेतेपदाच्या शर्यतीत होते. लेव्हरकुसेनमध्ये स्टुटगार्टचा सामना १-१ असा अडला असताना पंचांशी हुज्जत घातल्याबद्दल सामरला लाल कार्ड मिळाले. दहा जणांनिशी खेळणाऱ्या स्टुटगार्टसाठी गिडो बुखवाल्डने शेवटच्या मिनिटांत हेडरने गोल केला आणि विजेतेपद आणले.

१३/
पण तो गोल एकटा पुरेसा नव्हता. त्याच वेळी आघाडीवरचा फ्रँकफर्ट रोस्टोकमध्ये १-२ असा हरला. रोस्टोकचा क्लब त्या दिवशी जिंकूनही बुंडेसलिगातून खाली गेला. म्हणजे सामरचे पश्चिमेतील पहिले विजेतेपद पूर्वेच्या एका बुडत्या क्लबाने हातभार लावल्यामुळे शक्य झाले. एकीकरणाच्या काळातील फुटबॉलचे याहून बोलके चित्र शोधूनही सापडणार नाही.

१४/
त्यानंतर सामर इंटर मिलानला गेला. तिथे ११ लीग सामन्यांत त्याने ४ गोल केले, पण इटलीत तो रमला नाही. जानेवारी १९९३ मध्ये तो जर्मनीत परतला, या वेळी बोरुसिया डॉर्टमुंडकडे. तिथे त्याची गाठ पडली प्रशिक्षक ओटमार हित्झफेल्ड यांच्याशी. हित्झफेल्ड यांनी या आक्रमक मध्यरक्षकाला सर्वांत मागे, बचावफळीच्याही पाठीशी उभे केले. वरवर पाहता हा निर्णय धाडसी होता. त्यामागचे तर्कशास्त्र समजण्यासाठी लिबेरोचा इतिहास पाहावा लागतो.

१५/
१९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये काम करणारे ऑस्ट्रियन प्रशिक्षक कार्ल राप्पान यांनी दुबळ्या संघांसाठी एक युक्ती शोधली. बचावपटूंच्या मागे एक जादा माणूस ठेवायचा. पुढचा गडी चुकला तर हा सावरेल. इटलीत या पद्धतीला नाव पडले ‘कतेनाच्चो’, म्हणजे दाराचा अडसर. ज्या जादा माणसाला कुणाच्याही पाठीमागे धावायचे नव्हते, त्याला क्रीडापत्रकार जानी ब्रेरा यांनी ‘लिबेरो’ म्हटले. लिबेरो म्हणजे मोकळा. १९६० च्या दशकात एलेनियो एरेरा यांच्या इंटर मिलानमध्ये अर्मांदो पिक्की हा असा मोकळा माणूस होता. पण त्याचे स्वातंत्र्य स्वतःच्या अर्ध्या मैदानापुरतेच होते.

१६/
या स्वातंत्र्याचा खरा अर्थ लावला बेकेनबाउअर यांनी. मोकळा माणूस जर कुणावर पहारा देत नसेल, तर त्याच्यावरही कुणाचा पहारा नसतो. तो चेंडू घेऊन पुढे निघाला, तर त्याला अडवण्यासाठी प्रतिस्पर्ध्याच्या एखाद्या खेळाडूला स्वतःचा माणूस सोडावा लागतो आणि तिथेच सगळी रचना उसवते. बेकेनबाउअर यांनी बायर्न म्युनिक आणि पश्चिम जर्मनीसाठी हे वर्षानुवर्षे करून दाखवले. १९७२ आणि १९७६ मध्ये युरोपचा सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटू म्हणून ‘बॅलन डी’ओर’ त्यांना मिळाला.

१७/
सामरची शैली मात्र वेगळी होती. बेकेनबाउअर मान ताठ ठेवून, बुटाच्या बाहेरच्या कडेने चेंडू टाकत, जणू फेरफटका मारत पुढे जायचे. सामर झेपावत जायचा. समोरच्याकडून चेंडू हिसकावणे, तो पहिल्याच सहकाऱ्याकडे सोपवणे आणि न थांबता थेट प्रतिस्पर्ध्याच्या पेनल्टी क्षेत्रापर्यंत धावत राहणे, ही त्याची चाल. आघाडीपटू म्हणून घडलेला असल्याने तिथे पोहोचल्यावर काय करायचे, हे त्याला कुणी शिकवावे लागत नव्हते. डॉर्टमुंडसाठी ११५ लीग सामन्यांत २१ गोल ही मागून खेळणाऱ्यासाठी विरळा कामगिरी आहे.

१८/
अशा खेळात धोकाही तेवढाच. लिबेरो पुढे गेला आणि चेंडू हातचा गेला, तर मागे ओसाड मैदान उरते. म्हणून त्याच्या भोवती विशिष्ट माणसे लागतात. डॉर्टमुंडमध्ये युर्गेन कोलर आणि ब्राझीलचा ज्युलिओ सीझर हे प्रतिस्पर्धी आघाडीपटूंना सावलीसारखे चिकटून राहत. राष्ट्रीय संघात डीटर आइल्ट्स हा मधल्या फळीतील खेळाडू सामरची रिकामी जागा राखत असे. एकाच्या स्वातंत्र्यासाठी इतर तिघा-चौघांनी आपले स्वातंत्र्य सोडायचे, हा या रचनेचा अलिखित करार होता.

१९/
१९९५ आणि १९९६ अशी सलग दोन वर्षे डॉर्टमुंडने बुंडेसलिगा जिंकली आणि दोन्ही वर्षी सामर जर्मनीचा सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटू ठरला. मग आला जून १९९६ आणि इंग्लंडमधील युरो स्पर्धा. प्रशिक्षक बेर्टी फोग्ट्स यांच्या संघाचा कर्णधार खरे तर युर्गेन क्लिन्समान. पहिल्या सामन्यात तो खेळू शकत नव्हता म्हणून नेतृत्व कोलरकडे आले आणि कोलर त्याच सामन्यात जायबंदी होऊन स्पर्धेबाहेर गेला. संघाची पडझड अशी पहिल्याच दिवशी सुरू झाली.

२०/
रशियाविरुद्ध दुसऱ्या सामन्यात मध्यंतरापर्यंत गोल झाला नव्हता. मग सामर मागून धावत आला आणि कोंडी फोडली. जर्मनी ३-० ने जिंकला. उपांत्यपूर्व फेरीत गाठ पडली क्रोएशियाशी. तोही एक नवा देश. युगोस्लाव्हियाच्या राखेतून उठलेला आणि आपली पहिलीच मोठी स्पर्धा खेळणारा. १-१ अशी बरोबरी असताना ५९व्या मिनिटाला प्रतिस्पर्ध्याच्या पेनल्टी क्षेत्रात चेंडू मोकळा झाला, तेव्हा तिथे जर्मनीचा लिबेरो हजर होता. सामरच्या गोलने जर्मनी २-१ असा जिंकला. विझलेल्या एका देशाच्या मुलाने नुकत्याच जन्मलेल्या देशाची वाट अडवली.

२१/
उपांत्य सामन्यात वेम्बलीवर यजमान इंग्लंडला पेनल्टींवर हरवून जर्मनी अंतिम फेरीत पोहोचला. दुखापती आणि निलंबनांमुळे संघ इतका विस्कळीत झाला होता की राखीव गोलरक्षकांसाठी मैदानी खेळाडूंचे सदरे छापून ठेवावे लागले आणि एक जादा खेळाडू बोलावण्याची विशेष परवानगी मिळाली. या पडझडीत सामर प्रत्येक सामन्यात उभा होता.

२२/
३० जूनच्या अंतिम सामन्यात चेक प्रजासत्ताकाचा कारेल पोबोर्स्की वेगाने आत घुसत असताना सामरने त्याला पाडले. आगळीक पेनल्टी क्षेत्राच्या रेषेबाहेर झाली होती, पण पंचांनी पेनल्टी दिली आणि पॅट्रिक बेर्गरने गोल केला. स्पर्धाभर संघाला तारणारा माणूसच संघाला बुडवतो की काय, अशी ती वेळ होती. राखीव म्हणून उतरलेल्या ओलिव्हर बीअरहोफने बरोबरी साधली आणि जादा वेळेत गोल्डन गोल करून सामना संपवला. एकत्रित जर्मनीचे हे पहिले मोठे विजेतेपद. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू : मॅथियास सामर.

२३/
त्या वर्षअखेरीस बॅलन डी’ओरसाठी युरोपभरच्या पत्रकारांनी मते दिली. सामर १४४ गुण, ब्राझीलचा वीस वर्षांचा रोनाल्डो १४३, इंग्लंडचा ॲलन शिअरर १०७. फक्त एका गुणाने निकाल लागला. रोनाल्डोला डावलले गेले, असे म्हणणारे आजही आहेत आणि त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. तरीही बेकेनबाउअर यांच्यानंतर वीस वर्षांनी बचावपटूला मिळालेला हा सन्मान होता. पुढचा बचावपटू, इटलीचा फाबिओ कन्नावारो, यायला आणखी दहा वर्षे लागली.

२४/
२८ मे १९९७ रोजी म्युनिकमध्ये डॉर्टमुंडने बलाढ्य युव्हेंटसला ३-१ असे नमवून चॅम्पियन्स लीग जिंकली. मागे लिबेरो म्हणून सामर होता. तो अजून तिशीही गाठायचा होता. पुढची चार-पाच वर्षे तरी त्याचीच, असे कुणालाही वाटले असते.

२५/
पण गुडघा दगा देत होता. जून १९९७ मध्ये तो राष्ट्रीय संघासाठी शेवटचा खेळला. शरद ऋतूत गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि जखमेत जिवाणूंचा संसर्ग पसरला. प्रश्न आता मैदानावर परतण्याचा राहिला नव्हता. जीव वाचवण्याचा होता. तो वाचला, पण व्यावसायिक फुटबॉलमध्ये परतला नाही. तिसाव्या वर्षी कारकीर्द संपली. पूर्व जर्मनीसाठी २३ सामने व ६ गोल, जर्मनीसाठी ५१ सामने व ८ गोल, अशी दोन देशांतली नोंद मागे उरली.

२६/
त्याच्या जाण्याने जर्मन फुटबॉलची एक झाकलेली दुखरी जागा उघडी पडली. १९९८ च्या विश्वचषकात लिबेरोसाठी सदतीस वर्षांच्या लोथार माथेउसला परत बोलवावे लागले. उपांत्यपूर्व फेरीत त्याच क्रोएशियाने ३-० असा पराभव करून दोन वर्षांपूर्वीचा हिशेब चुकता केला. २००० च्या युरोमध्येही लिबेरो माथेउसच, आता एकोणचाळीस वर्षांचा. जर्मनी गटात तळाला राहिला.

२७/
एव्हाना जग बदलले होते. आरिगो साक्की यांच्या एसी मिलानने दाखवून दिले होते की बचावफळी एका रेषेत पुढे सरकवली, तर प्रतिस्पर्धी आपोआप ऑफसाइडच्या जाळ्यात सापडतो. मागे एकटा उभा राहणारा लिबेरो हे जाळेच फाडतो, कारण तो सगळ्यांना ऑनसाइड ठेवतो. शिवाय अनेक संघ दोनऐवजी एकच आघाडीपटू खेळवू लागले. मग दोन पहारेकरी आणि वर एक जादा माणूस ही चैन परवडेना. सामरच्या अफाट धावण्याने जुन्या रचनेचे वय झाकले गेले होते. तो थांबला आणि ते दिसू लागले.

२८/
सामर मात्र थांबला नाही. २००२ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, प्रशिक्षक म्हणून त्याने डॉर्टमुंडला बुंडेसलिगा जिंकून दिली. २००६ मध्ये तो जर्मन फुटबॉल महासंघाचा क्रीडा संचालक झाला आणि युवा संघांची जबाबदारी त्याच्याकडे आली. २००८ ते २००९ या काळात जर्मनीने १९, १७ आणि २१ वर्षांखालील अशी तिन्ही युरोपीय विजेतेपदे मिळवली. २१ वर्षांखालील त्या संघातील नॉयर, हुमेल्स, बोआटेंग, खेदिरा, ओझिल आणि ह्योवेडेस हे सहा जण २०१४ मध्ये विश्वविजेते झाले.

२९/
त्या विश्वविजेत्या संघात लिबेरो नव्हता. अल्जीरियाविरुद्ध पेनल्टी क्षेत्राबाहेर पुन्हा पुन्हा धावून येत चेंडू साफ करणाऱ्या गोलरक्षक मान्युएल नॉयरला पाहून जुन्या प्रेक्षकांना मात्र त्या मोकळ्या माणसाची आठवण झाली. आणि त्या तेवीस जणांत पूर्व जर्मनी अस्तित्वात असताना तिथे जन्मलेला एकच खेळाडू होता : टोनी क्रोस, जन्म जानेवारी १९९०, ग्राइफ्सवाल्ड. सामरने ब्रुसेल्समध्ये त्या देशाचा शेवटचा गोल केला, तेव्हा तो आठ महिन्यांचा होता.

(समाप्त)